काठावरचं शून्य

आमच्या सरांनी समुद्र पाहिला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण सरांचं नाव निघालं की लोक पहिल्यांदा हेच विचारतात, आणि विचारताना तोंडावर असं हसू आणतात की एक ठेवून द्यावी वाटते. नांदेडच्या एका कॉलेजात गणित शिकवणारा माणूस आयुष्यभर समुद्रातल्या प्लवकांचं गणित मांडत बसला. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यातलं कोण किती खोलीवर जगेल, कोण कुणाला हटवेल, याचं ते गणित. एकदा कॉलेजची सहल कोकणात गेली. सगळे प्राध्यापक बायकापोरांसकट गेले आणि सर घरी राहिले. मी विचारलं, का हो सर, गेला का नाहीत? तर म्हणाले, "वरून बघून काय कळतंय मियाँ? मला खालचं पाहिजे."

मुलगा असो की मुलगी, सर सगळ्यांना मियाँच म्हणायचे, आणि सगळ्यांशी अहो-जाहोनं बोलायचे. मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. मग पाच वर्षं मी त्यांच्याकडं पीएच.डी. केली आणि हसायचं कमी झालं.

सरांच्या वडलांचं इतवाऱ्यात तराजू दुरुस्तीचं दुकान होतं. गावातल्या भुसारवाल्यांचे, सराफांचे काटे तिथं यायचे. सर लहानपणी शाळा सुटली की तिथं बसत, आणि त्यांच्या सगळ्या खोडी तिथूनच आल्या असाव्यात. भाजीबाजारात गेले की पहिल्यांदा रिकामा काटा बघणार. आता इलेक्ट्रॉनिक काटे आले, तर स्वतः वाकून शून्याचं बटण दाबणार, मगच वांगी टाकू देणार. भाजीवाल्या मावश्या त्यांना बघून म्हणायच्या, "आले बया, शून्यवाले सर आले." सरांना त्याचं काही वाटायचं नाही. "अब्बा म्हणायचे, आधी काटा शून्यावर आणा, मग माल टाका," एवढं सांगून ते वांगी निवडायला लागायचे.

शून्य कुठंय? हा त्यांचा प्रश्न. तुम्ही फळ्यावर आलेख काढा, सेमिनार द्या, नाहीतर नुसतं म्हणा की आज लई गरम होऊन राहिलंय. सर विचारणार, "शून्य कुठंय?" स्टाफरूममध्ये एकदा एक प्राध्यापक सांगत होते की माझा मुलगा फार पुढं गेला. सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एकदम मनापासून विचारलं, "कुठून मोजलं?" ते प्राध्यापक पुढं सहा महिने सरांशी बोलले नाहीत. सरांना ते कळलंसुद्धा नाही, कारण त्यांनी खरंच माहिती म्हणून विचारलं होतं.

दुसरी खोड म्हणजे कौतुक करायचं नाही. शाबास नाही, छान नाही, काही नाही. विद्यार्थी उत्तर द्यायला उभा राहिला की सर समाधान होईपर्यंत त्याला उभा ठेवायचे, आणि झालं की म्हणायचे, "बसा." तेवढंच. आमच्यात कुणाला बसा मिळालं की तो दिवसभर कँटीनमध्ये मिरवायचा. मला पाच वर्षांत एकदाही मिळालं नाही. मी उभ्यानंच शिकले म्हणा ना. पाय दुखायचे, आणि खोटं कशाला बोलू, रागही यायचा.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला त्यांनी आम्हाला शेंगदाणे वाटले होते, ते तर सांगायलाच पाहिजे. सर वर्गात दोन पिशव्या घेऊन आले. एकीत भाजलेले शेंगदाणे, दुसरीत गुळाचे खडे. शेंगदाण्याची पिशवी पहिल्या बाकावर दिली आणि म्हणाले, पाहिजे तेवढे घ्या, मागं द्या. गुळाची पिशवी शेवटच्या बाकावर दिली. पाहिजे तेवढा घ्या, पुढं द्या. अट एकच. दाणा आणि गूळ दोन्ही हातात असल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही.

मी पहिल्या बाकावर. आम्ही ओंजळी भरभरून दाणे घेतले आणि गुळाची वाट बघत बसलो. गूळ येईचना. शेवटच्या बाकावरची टगी पोरं हातात गुळाची ढेकळं घेऊन बसली, त्यांच्यापर्यंत दाणा पोचेना. चौथ्या-पाचव्या बाकावरची, ज्यांची कधी कुणी दखल घेतली नव्हती, ती मंडळी आरामात दाणे-गूळ खात होती. सर फळ्याला टेकून बघत उभे. मग म्हणाले, "दाणे म्हणजे ऊन, ते वरून येतंय. गूळ म्हणजे तळातलं खत, ते खालून येतंय. वरचा ऊन खातो, खालच्याला अंधार पडतो. खालचा खत खातो, वरचा उपाशी राहतो. म्हणून दर्यात सगळ्यात दाट हिरवं वर नसतंय, तळालाही नसतंय. मधी कुठंतरी असतंय. कुठं, ते काढायचं हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाचे दोन गट केले. एका गटाला एका खड्याला तीन दाणे लागणार, दुसऱ्याला एका दाण्याला तीन खडे. कुठंही बसा म्हणाले. पंधरा मिनिटं धक्काबुक्की झाली, आणि मग बघतो तर दाणेवाले सगळे पुढं, गूळवाले सगळे मागं, आपापले थर करून बसलेले. कुणी कुणाला हुसकावलं नव्हतं. तेव्हा सरांनी फळ्यावर तीन ओळींची समीकरणं लिहिली आणि मला ती वाचता आली. गणित वाचता येतं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी वर्गात मुंग्या झाल्या आणि विभागप्रमुखांनी सरांना लेखी समज दिली. सरांनी त्या कागदाच्या पाठीवर मुंग्यांचं समीकरण मांडलं.

लातूरच्या एका मोठ्या कोचिंग क्लासच्या मालकानं सरांना बोलावलं होतं, तेही याच दाण्या-गुळाची कीर्ती ऐकून. मी तेव्हा लातूरला शिकवत होते, म्हणून सोबत गेले. काचेचं ऑफिस, थंडगार. मालक म्हणाले, "सर, तुमच्यासारखा माणूस नांदेडात कशाला सडून राहिलाय? इकडं या. गाडी देतो, फ्लॅट देतो."

सर म्हणाले, "पोरांना चुकायला किती येळ देता?"

मालकाला कळलं नाही. "चुकायला? चुकलं तर मार्क कापतो ना सर."

"मग माझं काय काम?" सर म्हणाले आणि उठले. खाली आल्यावर मी कपाळाला हात लावला. म्हटलं, सर, निदान चहा तरी येऊ द्यायचा. तर म्हणाले, "चहा चांगला असता तर नाही म्हणायला जड गेलं असतं."

माझा विषय नोंदवायला समितीपुढं गेलो, तो दिवस आठवला की अजून तळपायाची आग मस्तकाला जाते. विभागप्रमुख म्हणाले, "बाई, आपल्याकडं उन्हाळ्यात घागरभर पाण्याला लोक मोताद होतात, आणि तुम्ही समुद्राचं गणित करणार? नांदेडात समुद्र कुठाय?" सगळे हसले. मी रेणापूरची, शेतकऱ्याची पोरगी, तोंड उघडायची हिंमत नव्हती. सर शांतपणे म्हणाले, "खगोलशास्त्र शिकवणाऱ्यांनी डिपार्टमेंटमधी तारा ठेवलाय का?" मग कुणी हसलं नाही. विषय मंजूर झाला, पण शेरा मारला की मराठवाड्याच्या संदर्भात पडताळणी करावी. त्यांनी खोचून लिहिलं होतं. सरांनी ते वाचलं आणि त्यांचे डोळे लकाकले. "तुमच्या शेतात विहीर हाय का?" त्यांनी मला विचारलं.

विहीर होती. आमचा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ती शेती बघतो. चार वर्षं कागदावरच्या समीकरणांत गेली, आणि पाचव्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या सर एसटीनं रेणापूरला आले. हातात नायलॉनचा दोर, खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आणि अब्बांच्या दुकानातलं अर्ध्या किलोचं पितळी माप. माप बाटलीला बांधलं की बाटली बुडायची. बुचाला दुसरी दोरी. पाहिजे त्या खोलीवर गेली की दोरीला हिसका द्यायचा, बूच निघायचं आणि तिथलंच पाणी आत भरायचं. दादा हे सगळं तोंडाचा आ करून बघत होता. दादानं खुर्ची मांडली होती, सर विहिरीच्या काठावरच बसले.

"सर," दादा म्हणाला, "ह्यो शेवाळ लई दिवसापासून काढायचा म्हणून राहिलो. औषध मारलं तर जाईल का?"

सर ताडकन उठले. "औषध? तुमच्या विहिरीत माझे पाहुणे उतरलेत असं समजा. त्यांच्या ताटात औषध टाकता?"

दादा हसला आणि तिथून त्या दोघांचं जमलं. आमची विहीर आठ परस. परस म्हणजे साधारण एका माणसाच्या उंचीएवढं माप. आमच्याकडं विहीर खोदणारे त्यातच बोलतात आणि सोयरीक बघायला आलेले पाहुणेसुद्धा त्यातच विचारतात. सरांना मीटर नको होता. म्हणाले, जागेचं माप जागेवरच घ्यावं. दादाला उभं करून, त्याच्या उंचीनं दोराला गाठी मारायच्या ठरल्या. पहिली गाठ मारायच्या आधी सरांनी विचारलं, "शून्य कुठंय?"

दादानं काठाच्या दगडावर थाप मारली. "हे काय. विहिरीचं माप काठावरनंच असतंय."

इतक्या पटकन उत्तर देणारा माणूस सरांना उभ्या जन्मात भेटला नव्हता. ते खूश झाले. त्यांनी स्वतःच्या हातानं, काठाला टेकलेल्या जागी, दोराला लाल चिंधी बांधली. तीन, चार, पाच आणि सहा परसावर गाठी मारल्या. दर दुसऱ्या रविवारी दादानं चार बाटल्या भरायच्या, आतले जीव कुजू नयेत म्हणून आयोडीनचे थेंब टाकायचे आणि नांदेडच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायच्या. मी रविवारी लातूरहून नांदेडला यायची, स्टँडवर त्या उतरवून घ्यायची, वनस्पतिशास्त्राच्या लोकांकडून मिनतवारीनं मागितलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवायची आणि मोजत बसायची. हिरव्या गोल जिवांना आम्ही वरची म्हणायचो, तांबूस शेपटीवाल्यांना खालची. डोळे फुटायची पाळी आली, पण गणित जुळत होतं. आमच्या समीकरणाचं भाकीत होतं की उन्हाळा येईल तसं ऊन जास्त खोल जाईल आणि खालचीचा थर आणखी खाली सरकेल. आणि अवो, सरकत होता! दिवाळीत चार परसाच्या गाठीला, शिवरात्रीला पाच, पाडव्याला सहा. मी आलेख घेऊन सरांकडं गेले. सर बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, बसा. म्हणाले नाहीत. पण आलेख घडी करून खिशात घातला. एप्रिलमध्ये मी प्रबंध सादर केला.

आता माझ्यासाठी यात काय होतं, तेही सांगते. मी लातूरच्या कॉलेजात सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. जूनमध्ये नवीन पत्र, मार्चमध्ये राम राम. तिथं एक कायम जागा निघणार होती, मुलाखत दिवाळीनंतर, आणि पदवी हातात पाहिजे होती. अशी जागा दहा-दहा वर्षं निघत नाही. दादा गावात सांगत सुटला होता, आमची बाई यंदा पक्की होणार. सरसुद्धा त्याच दिवाळीनंतर निवृत्त होणार होते. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी.

मे महिन्यात दादाचा मोबाईलवर आवाज आला. प्रबंध झाला तरी त्याची सवय सुटली नव्हती, तो आपला बाटल्या भरतच होता. "आगं ऐक, तीन परसाच्या गाठीला बाटली कोरडीच आली बग. पाणी लई खाली गेलंय. आता गाठ खालनं धरू का कसं?"

मी पेपर तपासत होते. हातातलं लाल पेन तसंच राहिलं. पाणी खाली गेलंय. अगं माय! पाणी तर दिवाळीपासून खाली जात होतं. आणि आम्ही मोजत होतो काठापासून! समुद्राला काठाचा दगड नसतो, तिथं खोली म्हणजे पाण्याच्या वरच्या पातळीपासूनच. आम्ही विहिरीची माणसं. विहिरीचं माप काठावरनं, हे आमच्या इतकं अंगात मुरलेलं की तिघांपैकी एकालाही शंका आली नाही. दादाला नाही, मला नाही, आणि तराजूवाल्याच्या पोराला तर नाहीच.

मी दादाला त्याच फोनवर विचारलं, दिवाळीत पाणी कितव्या पायरीला होतं, शिवरात्रीला कितव्या, पाडव्याला कितव्या. त्याला सगळं तोंडपाठ होतं. शेतकऱ्याला ते विचारावं लागत नाही. त्या पायऱ्या वजा करून मी पुन्हा आलेख काढला. रेघ आडवी आली. खालची कुठंही सरकली नव्हती. पाणी उतरलं, तशी ती पाण्यासोबत उतरली, एवढंच. समीकरणाचं भाकीत साफ चुकलं होतं, आणि आमचा जुळलेला आलेख काठाच्या दगडाचा खेळ होता.

मी दादाला परत फोन लावून म्हटलं, "राहू दे आता. बास झालं." आणि सरांना सांगितलं नाही. मे गेला, जून गेला, पाच महिने गेले. दर आठवड्याला सरांना भेटत होते, त्यांच्या घरी खिचडा खात होते, आणि गप्प होते. कुणाला काय कळणार होतं? बाहेरचे परीक्षक समुद्राकाठच्या विद्यापीठातले, त्यांना परस म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. मला जागा पाहिजे होती. लाज वाटत होती आणि तरी पाहिजे होती.

व्हायवाच्या दिवशी सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी बोलले, परीक्षकांनी प्रश्न विचारले, आणि शेवटी ते म्हणाले, "विहिरीचं प्रकरण मला फार आवडलं. समुद्र नसताना तुम्ही करून दाखवलंत. अभिनंदन." विभागप्रमुख, ज्यांनी मला समुद्र कुठाय विचारलं होतं, ते आता असे हसत होते जणू विहीर त्यांनीच खोदली. पेढे आले होते. मग रीत म्हणून मार्गदर्शकांना विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? सर उठले. चेहऱ्यावर हसू. सगळ्यांना माहीत होतं ते काय विचारणार, पोरंसुद्धा खुदखुदली.

"मियाँ, शून्य कुठंय?"

पृष्ठभागावर. एवढं म्हटलं की झालं असतं. माझ्या जिभेवर आलंसुद्धा होतं. पण सर माझ्याकडं असे बघत होते, जसे रिकाम्या काट्याकडं बघतात. इतक्या भरवशानं. आणि मला स्वतःचाच असा संताप आला, की मी खरं बोलले.

"काठावर, सर."

हसू जागच्या जागी राहिलं. सरांना समजायला एक क्षण लागला, तेवढाच. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मी फळ्यावर दोन्ही आलेख काढून दाखवले. परीक्षक चांगले गृहस्थ. ते म्हणाले, हरकत नाही, एक तळटीप टाका. विभागप्रमुख लगेच म्हणाले, "हो हो, किरकोळ आहे. ते प्रकरणच काढून टाका हवं तर. बाकीचं पुष्कळ आहे. सर, तुमची शेवटची विद्यार्थिनी, कशाला शोभा करून घेता? सही करा."

सरांनी पेन हातात घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. "पदवी तुमची हाय. तुम्ही सांगा."

मुलाखत डोळ्यांपुढं होती. दादा डोळ्यांपुढं होता. मी म्हटलं, "मला परत करायचंय."

सरांनी पेनाला टोपण लावलं. विभागप्रमुखांचा पारा चढला. "अहो, विहिरीतलं शेवाळ ते! त्याच्यापायी पदवी सोडता? आम्ही तेव्हाच म्हणत होतो, नांदेडात समुद्र नाही."

तेव्हा सर जे बोलले, ते मी कधी विसरणार नाही. आवाज चढवला नाही, नुसतं परीक्षकांकडं बोट केलं. "नाही ना समुद्र. ह्यांच्याकडं हाय. ह्यांचं पाणी जागेवर असतंय, हे कुठूनही मोजतील. आमचं पाणी जागेवर न्हाई साहेब. म्हणून आम्हाला जास्त नीट मोजावं लागतंय. अन् ज्याला हे किरकोळ वाटतंय, त्यानं आधी सांगावं, त्याचं शून्य कुठंय." पेढ्यांचा डबा न उघडता परत गेला.

बाहेर टपरीवर चहा घेताना त्यांनी विचारलं, "कधी कळलं?"

"मे महिन्यात."

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चूक माझी. चिंधी मी बांधली. अब्बांनी कान उपटून हातात दिला असता." मला वाटलं, सुटले. पण ते थांबले नाहीत. "पण पाच महिने, मियाँ? तुमच्यापेक्षा ती बाटली इमानदार. कोरडी आली तर कोरडी म्हणाली." मी तिथंच रडले, टपरीवाल्यासमोर, भर दुपारी. सरांनी समजूत काढली नाही. दुसरा चहा मागवला.

जागा गेली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेल्या एकाला मिळाली, आणि तो माणूस चांगला आहे म्हणून त्याच्यावर रागही काढता येत नाही. राग मात्र आहे. अजून आहे. लोक म्हणतात, खरं बोललीस, मनाला शांतता मिळाली असेल. कसली शांतता? दोन कॉलेजांत धावत तास घेताना घशाला कोरड पडते. पण पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा काठावरच म्हणेन, आणि पुन्हा चिडेन.

सर निवृत्त झाले आणि दर पंधरा दिवसांनी एसटीनं रेणापूरला जायला लागले. म्हाताऱ्या माणसानं कशाला दगदग करायची, असं दादा म्हणायचा, आणि मग त्यांच्यासाठी हुरडा भाजून ठेवायचा. नवं शून्य दादानंच काढलं. आमच्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात तेव्हा पाठीला प्लास्टिकचा रिकामा डबा बांधतात. दादानं तो डबा पाण्यावर सोडला आणि म्हणाला, "लाल चिंधी ह्याला बांधा सर. पाणी जाईल तिकडं ह्यो जाईल." सर त्या डब्याकडं बघत राहिले. मग दादाला म्हणाले, "बसा." दादाला कळलंच नाही त्याला काय मिळालं. तो म्हणाला, "बसून कसं चालेल सर, मोटर चालू करायची हाय."

मी जुनं समीकरण मोडलं आणि नव्यानं मांडलं. ज्याचा वरचा काठच हलतोय, अशा पाण्याचं. पाणी हळू उतरलं तर दोन्ही थर आपापलं अंतर राखून खाली येतात. भराभर उतरलं तर खालची गाळात दाबली जाते आणि वरची सगळं बळकावते. दोन वर्षं लागली. कागदावर मार्गदर्शक म्हणून विभागप्रमुखांचं नाव लावावं लागलं, कारण सर आता कुणीच नव्हते. लावलं. पदवीच्या फोटोतही ते मधोमध आहेत, राहू देत.

दुसऱ्या व्हायवाला तेच परीक्षक आले. सगळं ऐकून म्हणाले, "हा प्रश्न आम्हाला कधी सुचला नाही." मी म्हटलं, "तुमचं पाणी जागेवर असतं, सर." ते हसले, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सर शेवटच्या बाकावर बसले होते, जिथून गूळ सुरू झाला होता तिथं. अध्यक्षांनी विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही? सर बाकाला धरून सावकाश उठले. विभागप्रमुखांनी घड्याळात बघितलं. पोरं यावेळी नवीन होती, कुणी खुदखुदलं नाही.

"शून्य कुठंय?"

मी फळ्याकडं बघितलं नाही. "उतरून राहिलंय, सर. पाण्यासंगं. मी त्याच्या मागं हाय."

सरांनी मान हलवली. पाच वर्षं, आणि वर ही दोन. मी खडू हातात धरून उभीच होते.

"बसा," सर म्हणाले.